दारावर आलेली मुलगी काय मोजते?

दुपारचे दोन वाजले होते. जेवणं आटोपून, ओटा पुसून मी जरा कुठे टेकले होते, तोच बेल वाजली. दारात दोन मुली उभ्या. अंगात पांढरे एप्रन, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, उन्हानं चेहरे लाल झालेले.

"काकू, दहा मिनिटं वेळ आहे का? आम्ही मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. घरोघरी माहिती घेतोय."

मी पाणी दिलं. घरात माणसं किती, वयं काय, पाणी कुठून भरता, लहान मुलांना लसी दिल्या का, असे प्रश्न झाले. मग एकीनं विचारलं, "घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?"

नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीत सासूबाई खोकत होत्या. महिना होऊन गेला होता. पण आमच्या नणंदेचं लग्न ठरत आलं होतं, पुढच्याच आठवड्यात पाहुणे येणार होते. खोकल्याचं कुठे लिहून गेलं आणि गल्लीत बभ्रा झाला तर? मी म्हटलं, "नाही बाई, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत." मुलीनं क्षणभर आतल्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला पुढे वर्षभरानं कळलं.

मैत्रिणींनो, त्या कागदाची ही गोष्ट आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या दारात अशी मुलगी, नाहीतर आशाताई, कधी ना कधी येऊन गेलेली असते. आपण तिला घाईघाईनं वाटेला लावतो. ती काय मोजते, कशासाठी मोजते आणि आपल्या एका उत्तरानं काय बिघडतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अंश डॉक्टरकडे, छेद आपल्या घरी

या शास्त्राची नावं ऐकूनच छाती दडपते. एक साथरोगशास्त्र आणि दुसरं जीवसांख्यिकी. आजार कुणाला होतो, कुठे होतो, कधी होतो आणि का होतो, याचा शोध घेणारं ते पहिलं. त्या शोधातल्या आकड्यांचा हिशेब चोख ठेवणारं ते दुसरं. पहिल्याला फक्त साथीचे रोगच लागतात असंही नाही. रक्तदाब, मधुमेह, बाळंतपणातले मृत्यू, अंगातलं रक्त कमी असणं, सगळं त्यात येतं.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना मी नेहमी सांगते, नुसता अंश पाहून काही कळत नाही, खाली छेद किती ते बघा. तीन लाडू हे पुष्कळ की थोडे? ते खाणारी तोंडं किती, त्यावर ठरेल. डॉक्टरांचंही तसंच असतं. दवाखान्यात तीस रुग्ण आले, तर डॉक्टरांना अंश कळला. पण हे तीस किती माणसांतले? गावात आजारी असूनही घरी बसलेले किती? हा छेद दवाखान्यात बसून कधीच सापडत नाही. तो घराघरांत, आपल्या उंबऱ्याच्या आत असतो. म्हणून त्या मुलींना उन्हातान्हात हिंडावं लागतं.

वर्ध्याची जुनी वाट

हे घरोघरी जाणं आपल्या वर्धा जिल्ह्याला नवं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. त्या काळी कुष्ठरोग म्हटला की माणसाला घराबाहेर, गावाबाहेर काढायचं, आणि फार तर एखाद्या आश्रमात नेऊन ठेवायचं. रोगीही बोटं झडेपर्यंत लपून राहत असे. या संस्थेचे डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांनी उलटा विचार केला. रोगी आपल्याकडे येण्याची वाट का पाहायची? आपणच गावात जाऊ. प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस उजेडात तपासू, चट्टा दिसला तर त्यावर स्पर्श कळतो का ते पाहू. लोकांना समजावून सांगू आणि रोग्याला त्याच्याच घरी गोळ्या देऊ. पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी ही तीन पदरी वेणी होती. औषध होतं डॅप्सोन. रोगी लवकर सापडू लागले. बोटं वाकण्याआधी सापडू लागले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमानं हीच पद्धत उचलली. आणि पुढे १९८० च्या दशकात अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार आला, तेव्हा देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

दुसरी वाट सेवाग्रामची. कस्तुरबा १९४४ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत वारल्या. त्यानंतर सेवाग्रामला त्यांच्या नावानं बायकामुलांसाठी छोटासा दवाखाना निघाला. तो उभा करणाऱ्या डॉ. सुशीला नायर. सेवाग्राममध्ये सगळे त्यांना 'बडी बहनजी' म्हणत. त्यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, पुढे त्या देशाच्या आरोग्यमंत्रीही झाल्या. पण खुर्ची सुटल्यावर त्या दिल्लीत न रमता पुन्हा सेवाग्रामकडे वळल्या, आणि १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, त्या दवाखान्याशेजारी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात निघालेलं हे देशातलं पहिलं मेडिकल कॉलेज.

इथल्या मुलांचं शिक्षण मुडद्याच्या टेबलापासून सुरू होत नाही. आधी पंधरा दिवस आश्रमात राहायचं, झाडलोट करायची, सूत कातायचं. मग प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक. त्या गावातही पंधरा दिवस मुक्काम, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवलेली. कुणाला खोकला, कुणाचं रक्त कमी, कुणाच्या घरी शौचालय नाही, हे तो वहीत टिपतो, आणि पुढेही त्या घरी जात राहतो. आंजीसारख्या गावांच्या परिसरात तर संस्थेचं हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. १९९० मध्ये जिल्ह्यात सावंगीला दुसरं मेडिकल कॉलेज निघालं. म्हणून तर आपल्याकडे दारावर एप्रन दिसणं एवढं सवयीचं झालंय.

ज्वारीच्या पोत्यातलं गणित

सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत चालवलेली एक योजना मला आपल्या भिशीसारखी वाटते. सुगीला प्रत्येक घरानं थोडी ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. त्या बदल्यात वर्षभर कुणी आजारी पडलं तर कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार. अट एकच, गावातली निदान पाऊण घरं तरी सामील हवीत.

ही अट का, ते बघा. एका घरात यंदा कुणी आजारी पडेल का, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण शंभर घरांत साधारण किती माणसं आजारी पडतील, हे मागच्या नोंदींवरून बरंच नीट सांगता येतं. फक्त आजारी माणसांचीच घरं सामील झाली तर पोतं रिकामं होईल. धडधाकट आणि दुखणेकरी दोघेही असले तर योजना तरते. एकाचं सांगता येत नाही, समुदायाचं सांगता येतं. संख्याशास्त्राचा सगळा पाया या एका वाक्यात आहे.

भात ढवळलाय का?

मग सगळ्या जिल्ह्याला विचारत बसायचं का? नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतोच की. पण सुगरण कुठलं शीत उचलते? वरवरचं उचललं तर भात कच्चा वाटेल, तळाचं उचललं तर करपलेला. डाव फिरवून मधलं शीत बघायचं. आमटीचं मीठसुद्धा ढवळूनच चाखतो. पाहणीतही घरं निवडताना तसंच करतात. रस्त्यालगतची, चहा देणारी, ओळखीची घरं घेऊन भागत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडतात, मग त्यात गल्लीच्या टोकाचं पत्र्याचं घरही येतं आणि बंगलाही. म्हणून एखादी मुलगी "काकू, शेजारच्यांना विचारून चालणार नाही, तुमचंच घर यादीत आहे," असं म्हणते तेव्हा ती हट्ट करत नसते. तिच्या हातातलं शीत तुम्ही असता.

किती घरं घ्यायची हाही मोठा प्रश्न. मेडिकल कॉलेजात एम.डी. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी तो संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या दारी जातो. शहाणा विद्यार्थी आधी जातो: "सर, किती रुग्ण घेऊ?" बाकीचे सगळी माहिती गोळा करून, गाठोडं घेऊन शेवटी जातात. लग्न लागल्यावर पत्रिका दाखवायला आणावी, तसलाच प्रकार! फरक ठळक असेल तर थोडी माणसं पुरतात. फरक बारीक असेल तर पुष्कळ लागतात. दोन पोरांच्या उंचीतला वीतभर फरक डोळ्यांनी दिसतो, बोटभर फरकाला पट्टी लागते, तसंच.

आणि दुसरी सावधगिरी म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आपल्या बायकांत हे फार चालतं. "अमक्या काढ्यानं माझा ताप उतरला." अहो, तो ताप चौथ्या दिवशी आपोआपही उतरला असता! खरं काय ते कळायला, काढा घेणारे आणि न घेणारे असे दोन सारखे गट लागतात. आपण नाही का, पापडखार बदलून पाहायचा तर पीठ एकच ठेवतो आणि दोन वेगळे घाणे करतो?

मोजलं म्हणून वाचली

नुसत्या मोजणीनं काय होतं, असं कुणी म्हणेल. त्यासाठी डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं काम पाहावं. दोघांनी जॉन्स हॉपकिन्समध्येच सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १०० पैकी ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या १०० पैकी अवघ्या ८! १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशेब होता. अंगावरून जाणं, कंबर दुखणं हे बायकांनी मुकाट्यानं सोसायचं, कारण ते कुठल्या कागदावरच नव्हतं.

पुढे त्यांनी ३९ गावांत साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, त्याला ऊबदार ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था होती. तुलनेला ती दुसरी गावं हवीतच, आपल्या दुसऱ्या घाण्यासारखी. पहिल्या गावांत हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळं ६२ वरून सुमारे २५ वर आली. दुसऱ्या गावांत तसा फरक पडला नाही. १९९९ मध्ये हा अभ्यास छापला गेला, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा खेपा असतात. त्या खेपांचं मूळ त्या मोजणीत आहे.

या विद्येची एक थोर बाई तर आपल्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त अर्धीच. हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल! तिनं जखमी सैनिकांची सेवा केली हे आपण शिकतो. पण सैनिक गोळीपेक्षा घाणीनं आणि तापानं जास्त मरतात, हे तिनं रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली. दिवा आणि वही, तिच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं.

आमच्या घरचं शून्य

आता माझी राहिलेली गोष्ट. नणंदेचं लग्न ठरलं, थाटात झालं. सासूबाईंचा खोकला मात्र हटेना. वजन उतरलं, संध्याकाळी अंग कोमट लागू लागलं. शेवटी बेडका तपासला, तर क्षयाचे जंतू. औषध लगेच सुरू झालं, मोफतच मिळालं. पण तोवर माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या मानेत गाठ आली होती. आजीच्या कुशीत झोपल्याशिवाय तिला झोप येत नसे. डॉक्टरांनी गाठ तपासून घेतली, तीही क्षयाचीच. मी विचारलं, "हे आईंपासूनच आलं का?" ते म्हणाले, "खात्रीनं नाही सांगता येणार. पण एवढी लहान मुलं बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून घेतात." मी दाराशी "सगळे ठणठणीत" म्हणाले त्या दिवसापासून निदान होईपर्यंत अडीच महिने गेले होते. ते अडीच महिने मी आजही मोजते.

लेकीचा औषधाचा शेवटचा महिना चालू असताना त्या मुली पुन्हा आल्या. दुसरी फेरी होती. या वेळी मी सगळं सांगितलं, आधीचं खोटंसुद्धा. ती मुलगी रागावली नाही. कागद चाळून हळूच म्हणाली, "काकू, मागच्या तक्त्यात तुमच्या घरापुढे शून्य आहे."

"आता ते खोडता येईल का?"

"मागे जाऊन नाही खोडता येणार. या फेरीत खरं लिहिते." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमच्यासारखी आणखी किती शून्यं असतील, तेच आम्हाला कळत नाही. आम्ही लिहिलं, या भागात खोकल्याचे रुग्ण कमी. मग तपासणीचं शिबिर दुसऱ्या भागात गेलं."

माझ्या एका 'नाही'नं फक्त माझ्या घरचं नुकसान झालं असं मी समजत होते. गल्लीतल्या आणखी तीन-चारजणींनी तेच केलं असेल, तर आमच्या सगळ्या गल्लीचं शिबिर आम्हीच परत पाठवलं होतं.

लाज कशाची होती, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. २००५ मध्ये डॉ. मधुकर पै, डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी सेवाग्रामच्या रुग्णालयातल्याच ७२६ कर्मचाऱ्यांची तपासणी केल्याचं प्रसिद्ध झालं. जवळपास निम्म्यांच्या अंगात क्षयाचे जंतू शिरल्याची खूण निघाली. ते आजारी नव्हते, जंतू झोपलेले होते. म्हणजे स्वतः डॉक्टर आणि परिचारिकाही त्यातून सुटल्या नाहीत. त्यांनी आपलीच मोजणी केली आणि जगापुढे मांडली. मग मी कुठल्या खानदानीच्या गोष्टी करत होते?

आपण काय करावं?

पाहणीला कुणी आलं तर आधी ओळखपत्र बघा. कुठून आलात, माहिती कशासाठी, नाव गुप्त राहील ना, हे बेधडक विचारा. तो आपला हक्क आहे. एखादा प्रश्न नको वाटला तर "हे सांगायचं नाही" म्हणा. नकार चालतो, खोटं उत्तर चालत नाही. नकार तक्त्यात नकार म्हणून दिसतो, पण खोटं हे खऱ्यासारखंच दिसतं.

सासूबाई किंवा नवरा समोर असल्यानं पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी बोलता येत नसेल, तर त्या मुलीला बाजूच्या खोलीत न्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. घरात क्षयाचा रुग्ण निघाला तर लहान मुलांनाही दाखवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.

बोटातून रक्त तपासायला कुणी आलं तर हात पुढे करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांच्या, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या आपणच त्या. हिरवी भाजी, डाळ, वर लिंबू पिळून घ्या, आणि जेवणाला लागून चहा टाळा. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घ्या, नुसत्या गुळानं भागणार नाही.

घरात जन्म किंवा मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत नोंद करा. आणि एक वही ठेवा. दुधाची, किराण्याची ठेवतो तशीच. मुलांचं वजन, लसी, आपल्या पाळीच्या तारखा, सासू-सासऱ्यांचा रक्तदाब. डॉक्टर "कधीपासून?" विचारतात तेव्हा आपण "झाले बरेच दिवस" म्हणतो. वहीत तारीख असली की अर्धं काम झालं.

आमच्या सासूबाई आता बऱ्या आहेत. लेकीची गाठही गेली. ती आता पहिलीत जाते आणि आजीच्याच कुशीत झोपते. मागच्या महिन्यात आशाताई यादी घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आतच सासूबाई बाहेर येऊन पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा बाई. मला झाला होता, नातीलाही झाला होता. दोघींचंही लिहा."